उद्या नक्की देते

'उद्या नक्की देते.' गेली बावीस वर्षं हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी बोलत आलेय. शिवणकाम हा माझा धंदा, आणि या धंद्यात हे वाक्य दोऱ्याइतकंच लागतं. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याचं कापड कापून ठेवलेलं असतं पण मशीनवर चढलेलं नसतं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं, उद्या नक्की. ते खरं नाही हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

आता माझा हिशेब चुकता होतोय. गेले कित्येक महिने मी गिऱ्हाईक आहे आणि पलीकडचा म्हणतोय, 'लवकरच'.

पलीकडचा म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेलची किट काढणारी एक कंपनी. तिने दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचं नवं किट जाहीर केलंय. मार्क १, म्हणजे विमानाची पहिली आवृत्ती, स्केल १/३२. घोषणा झाली, संगणकावर काढलेली चार चित्रं दाखवून झाली आणि मग सामसूम. तारीख नाही, खोक्याचं चित्र नाही, काही नाही. मी रात्री मशीनवर कव्हर घातलं की त्या चार चित्रांतलं तिसरं उघडून बसते. त्यात विमानाची पाठ दिसते. पुढचा भाग, पंख, कॉकपिट हे सगळं बाकीच्या चित्रांत आहे आणि छानच आहे. पण माझा जीव अडकलाय तो पाठीत.

आधी मापाचं सांगते, म्हणजे हे केवढं प्रकरण आहे ते कळेल. मॉडेलवाले १/३२ म्हणतात, मी तीन सूत म्हणते. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे मॉडेलवर तीन सूत. १/४८ म्हणजे दोन सूत, १/२४ म्हणजे चार सूत, अर्थात अर्धा इंच. १/७२ मध्ये एका इंचात सहा फूट. हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते सगळे फूट-इंचातून आलेत. गळ्यात टेप असलेल्या माणसाला ते लगेच कळतात. हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट. चाळीस गुणिले तीन सूत म्हणजे एकशेवीस सूत, म्हणजे बरोबर पंधरा इंच. बेताच्या अंगाच्या बाईचा खांदा. नाकापासून शेपटीपर्यंत बारा इंचांना जरा कमी. १/२४ मध्ये तेच विमान वीस इंचांचं होतं. एअरफिक्स या कंपनीने सत्तरच्या दशकात त्या मापात हरिकेन काढलं होतं, आणि त्या जुन्या किटवर जीव टाकणारे लोक अजून आहेत. पण वीस इंचांचं विमान ठेवायचं तर एक तर घर मोठं हवं नाहीतर मन मोठं असलेला नवरा हवा. पंधरा इंच ठीक आहे.

या नादाला मी लागले ती पोरामुळे. तो बारा वर्षांचा असताना त्याला कोणीतरी वाढदिवसाला १/७२ चं स्पिटफायर दिलं, म्हणजे त्याच युद्धातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान. तीन दिवस बोटांना, टेबलाला आणि चादरीला सिमेंट लावून झालं आणि साहेबांचा उत्साह संपला. (मॉडेलच्या गोंदाला सिमेंट म्हणतात. ते प्लास्टिक चिकटवत नाही, विरघळवून एकजीव करतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, चादरीला मात्र कळलं.) महिनाभर ते अर्धवट विमान कपाटावर पडून होतं. अर्धवट सोडलेलं काम बघवत नाही, हा माझ्या धंद्यातला रोग. एक दिवस मी चिमटा घेतला, बारीक कात्री घेतली आणि बसले. चार तास कसे गेले कळलं नाही. पोरगा शाळेतून आला आणि म्हणाला, "अगं आई, ते माझं होतं." मी म्हटलं, "होतं."

आता तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो. माझ्याकडे सोळा विमानं झाली आहेत, आणि न उघडलेले खोके किती ते मी इथे लिहिणार नाही, कारण नवरा हे वाचतो.

तर पाठ.

सगळं जग स्पिटफायरच्या प्रेमात असतं. सुंदर आहेच ते. पण स्पिटफायर धातूच्या पत्र्याचं आहे; पत्राच त्याची कातडी आणि पत्राच बराचसा भार पेलतो. हरिकेनचं तसं नाही. सिडनी कॅम या माणसाने ते आखलं, आणि त्याची घडण आधीच्या दुपंखी विमानांच्याच घराण्यातली ठेवली. आत पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, नळ्या वेल्डिंगने नव्हे तर पट्ट्या आणि बोल्टने जोडलेल्या. त्या सांगाड्यावर लाकडाच्या कमानी आणि लांबच लांब पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर. आणि त्यावर कापड. कॉकपिटच्या मागे शेपटीपर्यंत चक्क लिननचं कापड ताणून बसवलेलं. ताशी तीनशे मैलांच्या वर जाणारं लढाऊ विमान, आणि अर्धं अंग कापडाचं! सुरुवातीच्या हरिकेनचे तर पंखसुद्धा कापडी होते, धातूचे नंतर आले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. स्पिटफायर म्हणजे दुकानातला तयार माल वाटायला लागला मला, आणि हरिकेन म्हणजे आपल्या माणसाने शिवलेलं.

त्या कापडावर डोप लावत. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेलं एक तऱ्हेचं व्हार्निश. कपड्याला कांजी करतो तसं काहीतरी, असं मला आधी वाटलं होतं, पण कांजीने कापड नुसतं कडक होतं. डोप वाळताना कापड आक्रसतं आणि पखवाजाच्या पुडीसारखं ताणून बसतं. टिचकी मारली तर वाजावं असं. एकावर एक हात द्यायचे, मग वर रंग. हे ताणलेपण सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मॉडेल करणाऱ्या कंपन्या नेमक्या इथेच घसरतात.

कपड्याला झोळ येणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. खांदा उतरता असला आणि काप सरळ असला की झोळ येतो. तर बऱ्याच किटमध्ये हरिकेनच्या पाठीवर झोळ असतो. प्रत्येक दोन स्ट्रिंगरच्या मध्ये कापड आत गेलेलं, वाळत टाकलेल्या चादरीसारखं. साच्याची नक्षी कोरणाऱ्याला दाखवायचं असतं की बघा, इथे कापड आहे हं. म्हणून तो ते इतकं दाखवतो की त्या विमानाला नीट डोपच दिला नव्हता असं वाटावं. काही जण तर त्याहून पुढे जाऊन कापडाची वीणही उठवतात! लिननचा धागा समजा पाव मिलिमीटरचा धरला, तर १/३२ मध्ये तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक होतो. तो दिसायचाच नाही. मॉडेलवर दिसणारी वीण खऱ्या विमानावर असती, तर ते विमान गोणपाटाचं असतं.

खरं हरिकेन जुन्या फोटोंत बघा. एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत कापड सरळ जातं. मध्ये खळगा नाही. गोल पाठ दिसते ती खरं तर अनेक चपट्या पट्ट्यांची मिळून झालेली असते, छत्रीसारखी. ऊन तिरपं पडलं की प्रत्येक पट्टीवर उजेडाची छटा वेगळी. बस, एवढंच हवंय मला त्या प्लास्टिकमध्ये. तिसऱ्या चित्रात ते तसं वाटतंय. वाटतंय म्हणते, कारण संगणकावरच्या चित्रात ऊन कुठून पाडायचं ते कंपनीच्या हातात असतं. साचा तयार झाल्यावर पहिले जे नमुने निघतात, टेस्ट शॉट म्हणतात त्यांना, त्यांचे फोटो येईपर्यंत मी कोणाचंही ऐकणार नाही. करड्या प्लास्टिकवर खिडकीचा तिरपा उजेड. त्यात झोळ लपत नाही.

दुसरी भानगड शिवणीची. विमानाचं धड दोन अर्ध्या भागांत येतं, डावं आणि उजवं, आणि ते जोडलं की पाठीच्या मधोमध सांधा दिसतो. मॉडेलवाले त्याला सीम म्हणतात, म्हणजे शिवणच. पत्र्याच्या विमानावर हा सांधा पुट्टीने भरून घासून टाकला की झालं. कापडी पाठीवर घासायला गेलं तर स्ट्रिंगरचे उंचवटे पण घासले जातात. माझं पहिलं हरिकेन १/४८ चं होतं. मी इतक्या मन लावून त्याचा सांधा घासला, की शेवटी पाठ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. मग ताणून लांबवलेल्या प्लास्टिकच्या तारा चिकटवून नव्या पट्ट्या केल्या, त्या वाकड्या गेल्या, त्या काढल्या, पुन्हा लावल्या. कपडा असता तर उसवून पुन्हा टीप मारली असती. प्लास्टिक उसवता येत नाही. ते विमान अजून आहे माझ्याकडे, भिंतीकडे पाठ करून ठेवलेलं.

या नव्या किटमध्ये पाठीचा कणा वेगळा तुकडा म्हणून दिलाय की काय, अशी मला शंका आहे. चित्रात दोन बारीक रेघा दिसतात, बरोबर स्ट्रिंगरच्या कडेने जाणाऱ्या. खरंच तसं असेल, म्हणजे सांधा उंचवट्याच्या आडोशाला लपवला असेल, तर ज्याने हे आखलं त्याला चांगली शिवण कुठे घ्यायची ते कळतं. आपणही शिवण बगलेत घेतो, छातीवर घेत नाही.

पोराला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, प्लास्टिकचं आहे गं ते." बरोबर आहे. त्याच्या बापालाही लग्नात मी शिवलेला कोट 'कोटच आहे ना' असा वाटला होता.

गंमत अशी की कापडाच्या या विमानात मला कापड वापरता येत नाही. वैमानिकाच्या आसनाचे पट्टे करायचे असतात. मला वाटलं, हे तर आपलंच काम. घरातलं सगळ्यांत तलम मलमल घेतलं, दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. धागे सुटले. गोंद लावून कापल्या, तरी बसवल्यावर असं दिसलं की वैमानिकाला गादीने बांधलंय. मग हिशेब केला. मलमल कितीही तलम म्हटलं तरी दशांश मिलिमीटर जाड. बत्तीसने गुणलं की तीन मिलिमीटरहून जास्त. तेवढ्या जाडीचा पट्टा बैलगाडीला शोभेल. शेवटी मास्किंग टेपच्या पट्ट्या रंगवल्या आणि त्या हुबेहूब कापडासारख्या दिसल्या. कागद कापड होतो, कापड होत नाही. नव्या किटसाठी पट्टे मी आत्ताच करून ठेवलेत, दोन जोड, एका डबीत.

कापडाचा उपयोग लढाईत काय झाला, तेही सांगायला हवं. कापडात गोळी शिरली की बहुतेक वेळा आरपार जायची. वाटेत नळी किंवा माणूस नसला तर भोक पडायचं, एवढंच. जमिनीवरचे लोक भोकावर ठिगळ लावायचे, डोप मारायचे आणि विमान परत वर. नळ्यांचा सांगाडा दुरुस्त करणंही त्यांच्या ओळखीचं काम होतं. बांधायलाही सोपं. मूळ नमुना ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलंड्सहून पहिल्यांदा उडाला, आणि सरकारची ऑर्डर यायच्या आधीच हॉकर कंपनीने हजार विमानांच्या हिशेबाने तयारी सुरू केली. १९३६ च्या जूनमध्ये सहाशेची ऑर्डर आली. गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी कापड फाडायची हिंमत माझ्यात तरी नाही. पण १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मन विमानं येऊ लागली तेव्हा स्पिटफायरपेक्षा हरिकेनच जास्त हाताशी होती, आणि त्या लढाईत पाडलेल्या जर्मन विमानांपैकी निम्म्याहून जास्त हरिकेनच्या वाट्याची. नाव मात्र स्पिटफायरचं झालं.

एकूण साडेचौदा हजारांच्या आसपास हरिकेन बनली. त्यातली चौदाशेच्या वर कॅनडात, फोर्ट विल्यम इथल्या कॅनेडियन कार अँड फाउंड्रीच्या कारखान्यात. तिथली मुख्य विमान अभियंता एक बाई होती, एल्सी मॅकगिल. पोलिओ झालेला, काठी घेऊन चालायची. १९२९ मध्ये मिशिगन विद्यापीठातून विमानशास्त्रात मास्टर्स केलं, आणि ही पदवी मिळवणारी जगातली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. आधी रेल्वेचे डबे करणाऱ्या त्या कारखान्यात तिने हरिकेनची रांग उभी केली; बर्फावर उतरायला स्की लावलेलं हरिकेनही केलं. १९४२ मध्ये तिच्यावर चित्रकथा छापली गेली, तिला 'हरिकेनची राणी' म्हणत. मॉडेलच्या गप्पांत वैमानिकांची नावं, कोणी किती पाडली, हे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. एल्सीचं नाव घेणारा अजून एकही भेटला नाही मला. मी तिचा फोटो छापून मशीनच्या वर लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात कोण या. मी म्हणते, आमच्याच धंद्यातल्या.

या कौतुकात एक गोष्ट खाली दबून राहते, ती मुद्दाम लिहिते. हरिकेनमध्ये पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या थेट पुढ्यात होती, इंजिन आणि उपकरणांच्या फळीच्या मधोमध. तिला आग लागली की ज्वाळा तोंडावर. १६ ऑगस्ट १९४० रोजी एरिक निकोल्सनचं हरिकेन पेटलं, तरी तो आत बसून समोरच्या विमानावर गोळ्या झाडत राहिला आणि मग उडी मारली. फायटर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या लढाऊ विमानांच्या दलात, महायुद्धभरात व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेला तो एकटाच. त्याच्या चार दिवस आधी जेफ्री पेज नावाचा तरुण अशाच जळत्या हरिकेनमधून बाहेर पडला. अशा भाजलेल्या मुलांना ईस्ट ग्रिनस्टेडच्या हॉस्पिटलात आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचा सर्जन कातडीचे तुकडे लावून, टाके घालून पुन्हा चेहरे देत असे. एकेकावर कित्येक शस्त्रक्रिया. त्या मुलांनी आपल्या मंडळाला नाव दिलं 'गिनी पिग क्लब'. मी ते फोटो एकदाच बघितले. टाका कसा पडलाय हे माझ्या डोळ्यांनी आधी बघितलं आणि चेहरा नंतर, याची मला अजून लाज वाटते. मॉडेलवर धूर, काजळी, गळलेलं तेल हे सगळं दाखवायला मला आवडतं. जळलेलं विमान मी करत नाही.

आता कोणतं हरिकेन करायचं, हा प्रश्न. किट येण्याआधीच हा सुटायला हवा, नाहीतर खोका उघडल्यावर मी दोन महिने नुसती चित्रं बघत बसेन. मनात आधी होतं अर्जन सिंग यांचं. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत ते भारतीय हवाई दलाच्या एक नंबरच्या स्क्वाड्रनचे, म्हणजे तुकडीचे, प्रमुख होते, हरिकेनच उडवत, आणि त्याबद्दल त्यांना डीएफसी पदक मिळालं. तिकडच्या विमानांवरच्या वर्तुळांतला लाल रंग काढून टाकलेला असे, जपानी लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. नुसते निळे आणि फिक्के निळे गोल. दिसायला फार देखणं. पण ते हरिकेन मार्क २सी, पंखात चार तोफा. हे किट मार्क १ चं, आठ मशीनगनचं. नाकाची लांबीही वेगळी. एकाच्या मापावर दुसऱ्याचा कपडा बेतायचा नाही, हे मी शिकणाऱ्या पोरींना सांगते, तर स्वतः कसं करू?

म्हणून आर४११८. हे एका विमानाचं नाव आहे, म्हणजे नंबर. १९४० मध्ये ६०५ स्क्वाड्रनकडे, लंडनजवळच्या क्रॉयडनहून लढाईची ४९ उड्डाणं केलेलं. नंतर ते भारतात पाठवलं गेलं आणि फिरत फिरत बनारस हिंदू विद्यापीठात जाऊन पडलं. इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकायला. तिथे उघड्यावर ते कित्येक वर्षं होतं. पीटर व्हॅचर या इंग्रज माणसाने १९८२ मध्ये ते पाहिलं, आणि पुढे जवळपास वीस वर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये परत नेलं. दुरुस्त होऊन २००४ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उडालं. वीस वर्षं! माझे काही महिने त्यापुढे काय आहेत? असं मी स्वतःला समजावते आणि पुन्हा तिसरं चित्र उघडते.

आर४११८ वर यूपी-डब्ल्यू ही अक्षरं आहेत, राखाडी रंगात. ती डिकॅलने लावायची नाहीत. डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र. ते स्ट्रिंगरवरून स्ट्रिंगरवर तंबूसारखं ताणून बसतं, मग औषध लावून मऊ करा, दाबा, फुगे फोडा. मी मास्किंग टेपवर अक्षरं कापून एअरब्रशने रंग मारणार. कापणं हे आपल्या हातातलं काम. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली तो 'स्काय' नावाचा रंग, नाव आकाशाचं आणि दिसायला कच्च्या पेरूसारखा. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचे दोन साचे होते, ए आणि बी, एकमेकांचे आरशातले. पेपर पॅटर्न उलटा ठेवून दुसरी बाही कापतो ना, अगदी तसे. पंखांच्या पुढच्या कडेला मशीनगनच्या भोकांवर लाल डोप दिलेल्या कापडाचे चौकोन चिकटवत, धूळ आणि बर्फ आत जाऊ नये म्हणून. पहिली गोळी सुटली की चौकोन फाटायचा. म्हणजे चौकोन शाबूत असला की ते विमान त्या दिवशी अजून लढलेलं नाही. मी शाबूत ठेवणार. आठही. कडा सुटू नयेत म्हणून विमानाच्या कापडाच्या पट्ट्या नागमोडी कात्रीने कापत असत. तशी कात्री माझ्या खणात आहे, पण तिचा एकेक दात या मापात पंज्याएवढा होईल, त्यामुळे तो मोह आवरलाय.

एवढी तयारी झाली. रंग आहेत, नवी पाती आहेत, पट्टे डबीत आहेत, टेपवर यूपी-डब्ल्यू दोनदा कापून बघितलंय. बाहेरच्या कारागिरांनी काढलेले रेझिनचे जादा भाग मागवायचे नाहीत असं ठरवलंय. आधी अंगाला कसं बसतं ते बघू, मग फेरफार. काल कंपनीने एक ओळ टाकली की साच्यावर काम चालू आहे, धीर धरल्याबद्दल आभार. ही ओळ मी ओळखते. काज-बटणं राहिलीत, असं मी सांगते तेव्हा अजून बाह्याही लागलेल्या नसतात.

जागा मात्र पक्की केलीय. खिडकीच्या डाव्या अंगाला, जिथे दुपारी तिरपा उजेड येतो. बसेल की नाही याची खात्री हवी म्हणून ब्राऊन पेपरवर हरिकेन आखलं, मापात, पंधरा इंच पंख, आणि कापून फळीवर ठेवलं. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, हे कसलं पॅटर्न? बाही जरा मोठी वाटत्ये." मी म्हटलं, आहेच मोठी. त्याच्या कपड्याचं विचारलं, तर मी काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

पंख्याचा वारा लागला की ते कागदाचं हरिकेन फळीवरून उडतं आणि मशीनखाली जाऊन पडतं. दोनदा झालं तसं. आता त्याच्या पाठीवर कात्री ठेवलीये.